नमुन्याचा मजकूर

माझे धाकटे दीर वेबसाइट बनवतात. आमची मुलं त्यांना वेबकाका म्हणतात. ह्यांच्या, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाच्या लेखी ते ‘कॉम्प्युटरचं काहीतरी करतात’. मी भाऊजी म्हणते. पन्नाशीला टेकलेत. लग्नाचं राहून गेलं ते राहूनच गेलं. आधी ते नको म्हणायचे, मग मुली नको म्हणायला लागल्या, मग विचारणारेच थकले.

आमच्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, तिसऱ्या मजल्यावर त्यांची एक खोली आहे. खोलीत दोन खुर्च्या. एकीवर ते बसतात, दुसरीवर वायरींचं भेंडोळं. मी गेले की भेंडोळं पलंगावर जातं, मी उठले की परत आपल्या जागी. टेबलाच्या शेजारीच शेगडी आहे, इतकी जवळ की स्क्रीनवर तेलाचे बारीक ठिपके दिसतात. शिवाय टोमॅटोच्या आकाराचं एक गजराचं घड्याळ. ते वाजलं की काम थांबवायचं आणि कांदा चिरायचा, पुन्हा वाजलं की कांदा ठेवून कामाला लागायचं. कामाला उरक यावा म्हणून हा नेम. उरक येतोही; त्या घरात अर्धा चिरलेला कांदाही सदैव असतो.

रविवारी ते आमच्याकडे जेवायला येतात. भावाभावांत वैर नाही, बोलायला विषय नाही इतकंच.

“काय, चाललंय ना?”

“चाललंय.”

एवढ्यावर दोघांचं जेवण होतं. मग भाऊजी ताटं घेऊन माझ्या मागोमाग ओट्याशी येतात आणि पुसायचं फडकं हातात आलं की बोलायला लागतात. “वहिनी, लोकांना पहिल्याच पानावर सगळं हवं असतं. पहिल्या घासात कोणी अख्खं जेवण कोंबतं का?” किंवा, “एकट्याचा भात नीट जमलेला माणूस मला दाखवा. दोघांचा जमतो, दहांचा जमतो. एकट्याचा एक तर चिकट होतो नाहीतर उरतो.” मी हूं हूं करत भांडी घासते. ह्यातलं निम्मं मला कळतं, पण त्यांना ते चालतं.

परवा मात्र ते आडवारी, सकाळीच दारात उभे राहिले. दाढी अर्धवट केलेली.

“भाऊजी, घड्याळ गालाच्या मध्येच वाजलं की काय?”

हसले नाहीत. लॅपटॉप छातीशी धरून थेट स्वयंपाकघरात आले. “दातांच्या डॉक्टरांचा फोन होता. म्हणाले, साइटवर हे काय लिहिलंय, येऊन भेटा.”

“मग? काय लिहिलंय?”

त्यांनी सांगितलं ते असं. साइट मांडताना गिऱ्हाइकाचा मजकूर कधीच वेळेवर येत नाही. तोवर चौकट रिकामी कशी दिसेल म्हणून काहीतरी खोटाच मजकूर भरून ठेवतात, नमुन्यासाठी. बाकीचे लोक त्यासाठी कुठलीतरी निरर्थक, ठरलेली वाक्यं वापरतात. भाऊजींना त्यांचा कंटाळा यायचा, म्हणून ते मनात येईल ते लिहीत. खरा मजकूर आला की पुसून टाकत. असं कित्येक वर्षं लिहिलं आणि पुसलं. ह्या डॉक्टरांनी ‘दात काढल्यानंतर काय खावे’ ह्या पानाचा मजकूर काही पाठवला नाही, भाऊजीही विसरले, आणि साइट तशीच लोकांसमोर गेली. मागच्या वर्षी.

“बघू,” म्हणून मी हात पुसले आणि वाचलं.

वर बंद डोळ्यांनी हसणारी एक बाई, दात पांढरेशुभ्र. खाली लिहिलं होतं: ‘एकट्यासाठी भात लावताना पाणी नेहमी जास्त होतं. होऊ द्यावं. मऊ भात घशाखाली उतरायला कोणाची सोबत लागत नाही. मी बहुधा उभ्यानेच जेवतो, बसलं की समोरची खुर्ची दिसते. माझ्या कामाला चांगला उरक आहे असं लोक म्हणतात. काम उरकलं की मी उरतो. उरलेल्या भाताचं दुसऱ्या दिवशी काहीतरी करता येतं, पण’

तिथे चौकट संपली होती.

पंधरा वर्षं हा माणूस माझी ताटं पुसतोय. मी आपली गॅसवर चहा ठेवायला वळले.

“डॉक्टर काम काढून घेतील का?” मी विचारलं.

“घेतील तर घेतील. मला त्याचं एवढं नाही.” लॅपटॉपचं झाकण त्यांनी मिटलं, उघडलं, परत मिटलं. “कोणी वाचलं असेल का हो, वहिनी?”

भीती होती ती ह्याची. आणि त्यांच्या आवाजावरून मला वाटलं, कोणीच वाचलं नसेल तर, ह्याचीही असावी.

“जा आणि विचारून या. आधी राहिलेली दाढी करा. ह्यांचं सामान आत आहे.”

दुपारी ते परत आले. मी न विचारता ताट वाढलं. बसले. बराच वेळ भात नुसता कालवत राहिले.

“रागावले?”

“छे. हसत होते. म्हणाले, मला वाटलं मुद्दामच लिहिलंय, मऊ खाण्याबद्दलच आहे की. त्यांनीसुद्धा ते पान काल पहिल्यांदा पाहिलं.”

“मग कळलं कसं त्यांना?”

“एका बाईंचा फोन आला होता. दाढ काढलेली. फोनवरच्या मुलीला म्हणाल्या, तुमच्या साइटवरचं वाक्य अर्धंच आहे. ‘पण’च्या पुढे काय?”

मी वाढता वाढता थांबले.

“त्या मुलीने डॉक्टरांना विचारलं, डॉक्टरांनी पान उघडून पाहिलं आणि सांगितलं, नमुन्याचा मजकूर दिसतोय, चुकून राहिला असेल. मुलीने बाईंना तसं कळवलं. बाई म्हणाल्या, अच्छा, नमुन्याचं होय. आणि ठेवला फोन.”

“कोण होत्या?”

“नाव सांगत नाहीत. पेशंटचं नाव कसं सांगतील? बरोबरच आहे.” त्यांनी पाण्याचा घोट घेतला. “नमुन्याचं नव्हतं हो ते.”

“‘पण’च्या पुढे काय होतं, भाऊजी?”

“काहीच नाही. चौकट भरली होती. भरली की थांबायचं असतं.”

तेवढ्यात हे जेवायला आले. “काय, आज मधल्या वारी? चाललंय ना?” भाऊजी म्हणाले, “चाललंय.” मला वाटलं, ह्यांनी आज आणखी एक तरी प्रश्न विचारावा. ह्यांनी लोणी मागितलं.

दोन-तीन दिवसांनी दुपारची कामं आवरून मी डॉक्टरांची ती साइट उघडली. पान बदललं होतं. पहिला दिवस फार गरम खाऊ नये, चूळ जोरात भरू नये, सगळं कसं शिस्तीत, डॉक्टरी भाषेत. मी खालपर्यंत वाचत गेले. शेवटची ओळ अशी होती: ‘उरलेला भात दुसऱ्या दिवशी मऊ करून खाल्ला तरी चालेल, पण उभ्याने खाऊ नये. बसून, सावकाश, दुसऱ्या बाजूने चावून खावा.’

डॉक्टरांना ह्यात खटकण्यासारखं काही नव्हतं. दाढ दुखत असलेल्या कोणालाही नसतं. त्या एका बाईंनी पुन्हा ते पान उघडलं, तरच त्यांना कळणार होतं की हे आपल्याला दिलेलं उत्तर आहे.

रविवारी ताटं पुसताना मी म्हटलं, “कोण कधी पान उघडतं ते तुम्हाला कळतं ना?”

“कुठल्या गावातून उघडलं, किती वेळ थांबले, सगळं कळतं.”

“मग पाहिलंत?”

त्यांनी पुसलेलं ताट परत एकदा पुसलं.

“मी ते मोजणं त्या पानापुरतं बंद करून ठेवलंय, वहिनी,” ते म्हणाले. “आल्या असतील, असं धरून चालता येतं.”