तांब्यातलं उरलेलं पाणी

फवारणीमामांना पाणी दिलं की ते अर्धं प्यायचे आणि अर्धं तांब्यात ठेवायचे. मग उठून दारात यायचे, उरलेलं पाणी हळूच जमिनीवर ओतायचे आणि ते कुठं जातंय ते बघत उभे राहायचे. घरातल्या बाईला वाटायचं, पाण्यात काही पडलं होतं की काय. सोलापुरात नळाला दिवसांआड पाणी येतं, तेही किती दिवसांआड हे विचारू नये. अशा गावात चांगलं पाणी मातीत ओतणारा माणूस डोक्यानं जरा कमी असणार, असं पहिल्या दिवशी मलाही वाटलं होतं. त्यांच्या डोक्याबद्दलचं माझं मत लवकरच बदललं. स्वतःबद्दलचं बदलायला जास्त वेळ लागला.

मामा मलेरिया खात्यातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी पाठीवर पंप घेऊन गटारी फवारण्यात आणि लोकांच्या बॅरलमध्ये बॅटरी मारून अळ्या शोधण्यात गेली. खरं नाव त्यांचं कुणी घेत नसे, तेही विसरले असावेत. निवृत्तीनंतरही सकाळी खाकी शर्ट घालून ते निघायचे. कुणाच्या हौदात गप्पी मासे सोड, कुणाचं टायर उलटं कर, कुणाला बॅरल घासला नाही म्हणून झाप. तपासलेल्या घराच्या भिंतीवर गेरूनं तारीख टाकायची त्यांची सवयही सुटली नव्हती. तारीख मात्र बहुतेक वेळा चुकलेली असे.

माझी त्यांची गाठ पडली ती रस्त्यामुळे. अक्कलकोट रोड एमआयडीसीकडे जाणारा एक आतला रस्ता रुंद आणि सिमेंटचा व्हायचा होता. त्याआधी त्या रस्त्याचा आजूबाजूच्या लोकांच्या आरोग्यावर काय परिणाम होईल याची पाहणी करायची होती. हे काम पुण्याच्या एका कंपनीकडे होतं आणि त्या कंपनीनं घरोघर फिरायला मला नेमलं होतं. समाजकार्याची पदवी नुकतीच हातात पडलेली, पहिलीच नोकरी, गळ्यात ओळखपत्र. पाण्याच्या टाकीमागच्या वस्तीत मी पहिल्या दिवशी गेले आणि एकाही घराचं दार उघडलं नाही. रुंदीकरणात कुठलं घर कुठपर्यंत पाडायचं याच्या लाल खुणा काही भिंतींवर आधीच पडल्या होत्या. हातात कागद घेतलेली बाई म्हणजे नवी खूण, असं लोकांनी धरलं होतं.

टपरीवर चहा पीत मामा हे सगळं बघत होते. त्यांनी विचारलं, कुठल्या गावच्या. करमाळ्याची म्हटल्यावर म्हणाले, "मंग सांगा की, कमळाभवानीच्या अंगणात पाणी सांडलं तर कुटल्या अंगाला जातंय?" दरवर्षी त्या देवळात जाणाऱ्या मला ते सांगता आलं नाही. मामा खूश झाले. "शिकलेल्या मानसाला खालचं दिसत न्हाय," एवढं म्हणून ते उठले आणि पहिल्या दारावर जाऊन त्यांनी हाक मारली. त्या आवाजाला दार उघडलं. पुढचे आठ दिवस त्यांनी हाक मारायची आणि मी आत जायचं असं चाललं. माझी विचारपूस झाली की ते त्या घरावर गेरूची तारीख टाकत आणि सांगत, ही माझी खूण हाय, पाडायची न्हवं.

वस्तीत बहुतेक यंत्रमागावर काम करणारी माणसं. कुणी तेलुगू बोलणारं, कुणी कानडी, कुणी आमच्यासारखं. बायका घरी बसून टॉवेलच्या कडा शिवायच्या. माझ्या फॉर्मवर धूळ, आवाज, अपघात, दवाखान्यात पोचायला लागणारा वेळ असे रकाने छापलेले होते आणि लोक मनापासून उत्तरं द्यायचे. रस्ता त्यांनाही हवा होता. सायकलवरून कारखान्यात जाताना खड्ड्यांनी कंबर मोडते, हे प्रत्येकानं सांगितलं. पाण्याचा रकाना फॉर्मवर नव्हता. सगळ्यात शेवटी "इतर निरीक्षणे" असं लिहून दोन ओळी मोकळ्या सोडल्या होत्या.

नरसक्काचं घर अगदी रस्त्याला लागून. ती टॉवेल शिवायची आणि शिवता शिवता तोंडही चालवायची. तिनं दिलेलं पाणी अर्धं पिऊन मामा दारात गेले आणि त्यांनी मला बोलावलं. ओतलेलं पाणी उंबऱ्यापासून रस्त्याकडे गेलं आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या नाल्याच्या दिशेनं सरकत सुकलं. मग मामांनी दोन विटा आणून रस्त्याच्या कडेला एकीवर एक ठेवल्या. "जुना रस्ता उकरणार न्हाईत, ताई. त्येच्यावरच सिमेंट ओतत्यात. मंग रस्ता हितवर येतोय." त्यांनी वरच्या विटेवर हात ठेवला. तो हात नरसक्काच्या उंबऱ्याच्या वर होता. "आता पाणी घरातनं रस्त्याकडं जातंय. मंग रस्त्यावरचं घरात यील आन् पंधरा दीस बसंल. त्यात डास हुतील, मंग ताप. ह्ये लिवा. लई नगं, दोन वळी लिवा."

मी मान हलवली. खरंच लिहायचं होतं मला.

त्या संध्याकाळी फॉर्म नीट लावून मी पुण्याच्या कंपनीतल्या सरांना फोन केला. "इतर"मध्ये काही आहे का, त्यांनी विचारलं. असेल तर उंबऱ्यांची मापं हवीत, फोटो हवेत, उद्या परत जाऊन घ्या आणि परवा पाठवा. माझी बॅग भरलेली होती. करमाळ्यात मावसबहिणीची दुसऱ्या दिवशी हळद होती आणि सकाळच्या एसटीत मैत्रिणीनं माझी जागा धरून ठेवायची होती. बाहेर उन्हाळा असा की सावलीतही डोकं तापायचं. मी म्हणाले, "विशेष काही नाही, सर." कुणी माझ्यावर दबाव आणला नाही, कुणी काही दडपायला सांगितलं नाही. सर तर उलट विचारत होते. मी हळदीला गेले आणि छान नाचले.

परत आल्यावर मामा टपरीवर भेटले. "लिवलं का?" त्यांनी विचारलं. मी चहाच्या ग्लासात बघत "लिहिलं मामा" म्हणाले. त्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी टपरीवाल्याकडून माझ्यासाठी मुद्दाम आलं घालून दुसरा चहा करवून घेतला. सगळी नोकरी त्यांनी साहेबांना गटारींबद्दल सांगण्यात घालवली होती आणि त्यांचं म्हणणं कुणी कागदावर उतरवल्याचं त्यांना आठवत नव्हतं. दोन दिवसांत सगळ्या वस्तीला कळलं, ताईनं लिवलंय.

पुढं शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. रस्त्याबद्दल कुणाला काही सांगायचं असेल तर बोला, असं अधिकाऱ्यांनी विचारलं. बोलायची तीच एक संधी होती. नरसक्का उठली. तिनं पदर खोचला, म्हणजे ती चांगली तयारीनं आली होती. मामांनी तिला हातानं खाली बसवलं. "बस की. ताईनं लिवलंय समदं. लिवल्यालं परत बोललं की त्यास्नी राग येतोय." ती बसली. मी पुढच्या रांगेत हजेरीचा कागद घेऊन बसले होते, तिच्यापासून हाताच्या अंतरावर. मला उठून म्हणता आलं असतं, नाही लिहिलं, नरसक्का, तू बोल. मी हजेरीचा कागद शेजारच्या माणसाकडे दिला. त्या दिवसाबद्दल मला आजही स्वतःला माफ करता येत नाही. फोनवर मी आळस केला होता, पण सभेत मी बघत बसले.

रस्ता झाला, आणि छान झाला. सायकली सरळ जायला लागल्या, लोकांनी पेढे वाटले. पहिला पावसाळा कोरडा गेला. पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी एकदा पाऊस सलग तीन दिवस लागून राहिला, तेव्हा रस्त्यावरचं पाणी त्या रांगेतल्या घरांत शिरलं. बाहेर ओढून काढावं तर बाहेरचा रस्ता उंच. दोन आठवड्यांत वस्तीत तापाची साथ आली. नरसक्काची नात दवाखान्यात होती, तिच्या नाकातून रक्त यायला लागलं होतं. पोर वाचली, पण पुढं कितीतरी दिवस ती भिंत धरून चालायची.

मामा पाण्यात पाय घालून दारोदार हिंडत होते, पण हाक मारल्यावर पूर्वीसारखं कुणी लगेच येत नव्हतं. एका बाईनं बॅरलवरचं झाकण काढूच दिलं नाही. तुमच्या शब्दावर गप बसलो, आता काय बघताय, असं तिनं विचारलं. हे मला टपरीवाल्यानं फोन करून सांगितलं. तोपर्यंत मी दुसऱ्या नोकरीत होते. सुट्टी काढून मी गेले.

नरसक्काच्या दारात सात-आठ बायका जमल्या होत्या. मामा चिखलात एका विटेवर उभे होते. दोन वर्षांपूर्वीच्या त्याच विटांपैकी ती होती की काय, मला ठाऊक नाही. नरसक्कानं मला बघितलं आणि सरळ विचारलं, "ताई, एवढंच सांग. लिवलं होतं की नाही?" मी तोंड उघडायच्या आत मामा बोलले. "लिवलं हुतं. म्या सोता बघितलंय. वरच्यांनी वाचलं न्हाय त्याला ती काय करंल?" बायका मागं सरल्या. मामांना स्वतःची सही सोडली तर चार अक्षरं नीट लागत नसत आणि तो फॉर्म त्यांनी कधी हातातही घेतला नव्हता. मी तशीच उभी राहिले. दुसऱ्यांदा.

मला कोपऱ्यापर्यंत पोचवायला ते आले. मी "मामा, मी..." म्हणून सुरुवात केली, तर त्यांनी हात वर केला. म्हणाले, "मला नगा सांगू. आता तरी लिवा." त्या आठवड्यात मी अर्ज लिहिला, रस्त्याखालून मोठा पाइप टाकून पाणी नाल्याकडे काढा म्हणून. पोच मिळाली. नंतर दोनदा चौकशी केली, मग तीही केली नाही. वस्तीत जायचं मात्र मी टाळलं. कुठल्या तोंडानं जायचं, हा एक प्रश्न होता, आणि मामा परत माझ्यासाठी खोटं बोलतील ही त्याहून मोठी भीती होती.

गेल्या हिवाळ्यात मामा गेले. वय झालं होतं, झोपेतच गेले. त्यांची सून सुनंदा हिला भेटायला मी तेराव्यानंतर गेले. त्यांचं घरही त्याच रांगेत. भिंतीवर गेरूची एक चुकलेली तारीख होती. सुनंदा म्हणाली, तुमची आठवण काढायचे. मग मात्र माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हणाले, "मी लिहिलं नव्हतं, सुनंदाताई. तेव्हा काहीच लिहिलं नव्हतं."

तिनं नवल केलं नाही. "मामास्नी ठावं हुतं. पाणी आलं तवाच म्हनले, लिवलं असतं तर कुनीतरी दारात यिऊन इचारलं असतं."

"मग मी स्वतः बघितलंय, असं का म्हणाले?"

"तुमाला परत वस्तीत यायला दार उगडं ऱ्हावं म्हनून. लई दीस वाट बघितली त्यांनी."

तिनं तांब्या पुढं केला. मी अर्धं पाणी प्याले, उठून दारात आले आणि उरलेलं खाली ओतलं. ही सवय मला कधी लागली ते मलाच कळलं नव्हतं. पाणी रस्त्याच्या कडेला टेकलं, जरा थांबलं, मागं वळलं आणि उंबऱ्यावरून आत आलं. सुनंदा फडकं घेऊन आली, खाली बसली आणि तिनं ते पुसून घेतलं.