सूचना समजत नाहीत

काठी फरशीवर एकदा आपटायची, तर्जनी स्वतःच्या छातीवर टेकवायची आणि म्हणायचं, "आ मी!" पहिल्याच भेटीत त्यांनी हे केलं, आणि मी दचकले.

सिंगापूरच्या सेरंगून भागातल्या एका लहानशा फिजिओथेरपी केंद्रात मी तेव्हा नोकरीला होते. २०१५ च्या सुमाराची गोष्ट. गुडघ्याच्या संधिवातासाठी आमच्याकडे बारा आठवड्यांचा व्यायामवर्ग चालायचा, त्यात सगळ्या साठी-सत्तरीच्या बायका. काठीवाल्या या बाई मेक्सिकोच्या, एका बंदराच्या गावातल्या. तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात उभ्याने काम केलेल्या. मुलगा इथे बँकेत, म्हणून इथे आलेल्या. मुलाला शेजारी बसवून मी प्रश्न विचारत होते, आणि तुम्हीही बहुधा केलं असतंत तसं, त्यालाच विचारत होते. कुठे दुखतं? जिना उतरताना त्रास होतो का? तो फोनवरची नजर न काढता सांगत होता, "थोडंसंच दुखतं. वय झालंय तिचं."

'वय झालंय' हे दोन शब्द इतक्या मुलांच्या तोंडून ऐकलेत, की आता ऐकले की माझी कानशिलं तापतात. तेव्हा तापली नाहीत. मी ते फॉर्मवर लिहून घेत होते. तेवढ्यात काठी आपटली.

मुलगा हसला. "ती म्हणते, मला विचारा."

त्याने सांगायची गरज नव्हती. 'मी' मला कळलं होतं. आमच्या दोघींच्या भाषांत जुळणारा बहुधा तो एकच शब्द, पण नेमका कामाचा.

रुग्णाला काय करता यायला हवं, असा एक रकाना आमच्या फॉर्मवर असायचा. मुलगा म्हणाला, "नातवंडांना स्कूल बसपर्यंत सोडता आलं की पुरे." बाईंनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि रकान्यात बस काढली. दुमजली. वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या काचेशी, एक गोल डोकं. मग पुन्हा छातीवर बोट.

"काहीतरीच," मुलगा म्हणाला. मी चित्र तसंच राहू दिलं.

त्यानंतर तो आला नाही. बाई मात्र आठवड्यातून दोनदा काठी टेकत, एकट्या, वेळेच्या आधी हजर. हात न टेकता खुर्चीवरून उठायचं आणि बसायचं, घोट्याला वाळूची पिशवी बांधून पाय सरळ करायचा, बुटक्या पायरीवर चढायचं-उतरायचं, एवढाच आमचा व्यायाम. दुखलं की त्या कण्हत नसत, गुडघ्याला शिव्या घालत. शिव्या ओळखायला भाषा लागत नाही. मोजायच्या स्वतःच्या भाषेत, खणखणीत, "उनो, दोस, त्रेस!" तीन आठवड्यांत आमच्या चिनी आणि तमिळ आंट्याही तसंच मोजायला लागल्या. कुणी श्वास रोखून धरला की या बाई तिच्या पाठीत बोट खुपसायच्या. खरं तर ते काम माझं होतं.

आठव्या आठवड्यात पायरी उंच केली. बसच्या जिन्याच्या पायरीपेक्षा जेमतेम चार बोटं कमी. आणि त्याच आठवड्यात मॅनेजरने नियम काढला. ज्यांना इंग्रजी किंवा केंद्रातल्या कुणाची भाषा येत नाही, त्यांच्यासोबत घरचं माणूस हवंच. सुरक्षेचा प्रश्न.

बाई समोर बसलेल्या असताना त्याने मुलाला फोन लावला. स्पीकरवर. मुलगा म्हणाला, "मला ऑफिस असतं. बंद करायचं तर करा."

काठी आपटली. "आ मी!"

मॅनेजर वळला आणि ठार बहिऱ्या माणसाशी बोलावं तसा एकेक शब्द ओरडला, "यू. नो. अंडरस्टँड."

बाईंनी काठी बाजूला ठेवली. दोन्ही हात छातीवर घेतले आणि इंग्रजीत सुरू केलं. "नोज ओव्हर टोज. स्लोली अप. डोन्ट होल्ड ब्रेथ. स्लोली डाउन. डोन्ट ड्रॉप." माझी प्रत्येक सूचना, त्याच क्रमाने, माझ्याच पुणेरी उच्चारात. म्हणत होत्या आणि करत होत्या. एकदा नाही, दहा वेळा.

"व्हेरी गुड, आंटी," मॅनेजर इथल्या हेलात म्हणाला. "बट कान्ट, लाह."

मग त्याने नाव कमी करायचा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. कारणं छापलेली होती. 'सूचना समजत नाहीत' याच्यापुढे मी खूण केली आणि सही केली. माझा वर्क पास, म्हणजे इथे राहायचा परवाना, त्याच नोकरीवर होता, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. त्या मॅनेजरचा राग येतो, मुलाचा येतो, पण त्या सहीला मी अजून माफ केलेलं नाही. बाईंनी सही होताना पाहिली. मला एक शिवी घातली असती तर बरं झालं असतं. त्या उठल्या, हात न टेकता, आणि गेल्या.

महिनाभर मी त्यांच्या रस्त्याला फिरकले नाही. मग एका रविवारी उरलेले व्यायाम कागदावर चित्रं काढून उतरवले आणि त्यांच्या कॉन्डोवर गेले. दार मुलाने उघडलं.

"तिला परत पाठवलं. मागच्याच आठवड्यात."

"का?"

"एक दिवस दुपारी गायबच झाली. चार तास! आम्ही वेडे व्हायचे बाकी होतो. तर ही बसने फिरत होती. वरच्या मजल्यावर बसून शेवटच्या स्टॉपपर्यंत, आणि तशीच परत. पडली असती म्हणजे?"

"पडल्या का?"

"नाही. पण पडली असती म्हणजे?"

मी कागद हातात धरून उभी होते. त्याची तक्रार संपली नव्हती.

"एअरपोर्टवरही तमाशा. मी व्हीलचेअर सांगून ठेवली होती. रांग लागत नाही, सगळ्यांनाच सोयीचं पडतं. बसायला तयार नाही! टॅक्सीच्या दारापासून इमिग्रेशनपर्यंत चालत गेली. दहा पावलं टाकायची, थांबायची, पुन्हा निघायची. लोक बघत होते."

"आणि तुम्ही?"

"मी काय करणार?" तो वैतागून म्हणाला. "रिकामी खुर्ची ढकलत तिच्यामागून चालत राहिलो."