ओटिलिया आत्याचा प्रश्न

आमच्या बेटावर, वारेमच्या किनाऱ्यावर, जुन्या धावपट्टीच्या टोकाला, सिमेंटचा एक चौथरा आहे. 'या ठिकाणी जपानी सैन्याने शस्त्रे खाली ठेवली आणि युद्ध संपले' असं त्यावर कोरलंय. आधी पितळी पाटी होती. ती दोनदा चोरीला गेली. कोणी नेली हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, म्हणून कोणी सांगत नाही.

भोवतीचं गवत ओटिलिया आत्या कापायची. पंचेचाळीस वर्षं कापलं. सरकारी साहेबांना वाटायचं, म्हातारीला इतिहासाची केवढी आवड! आत्याला वाचता येत नव्हतं. शस्त्रं ठेवण्याच्या अकरा दिवस आधी जपान्यांनी तिच्या बापाला ओझी वाहायला नेलं, तेव्हा ती आठ वर्षांची होती. बाप परतला नाही. आमच्यात मरणाचं जेवण माणूस पडला त्या जागीच घालतात; जागा कळेपर्यंत तो रानात उपाशी फिरतो.

दर सप्टेंबरात म्हातारे जपानी सैनिक चौथऱ्यावर फुलं वाहायला यायचे. आत्या कोयता टाकून प्रत्येकाला विचारायची, "माझ्या बापाला कुठे टाकलंत?" एक जण रडला. एकानं तिला बॅटरी दिली. बाकीचे कमरेत वाकले.

"वाकतात छान," आत्या म्हणायची. "पाठीत हाडं नसावीत."

येणारे कमी होत गेले. मग एका वर्षी एकच आला. इवाबुची, वय ब्याण्णव, चाकाच्या खुर्चीत. ढकलायला मुलगी, हिसाए. तिला इंग्रजी येत होतं आणि मी शाळामास्तर, म्हणून दुभाषा मी.

आत्यानं विचारलं. हिसाएनं बापाच्या कानात ओरडून सांगितलं. म्हातारा गोड हसला. "हो."

"नदीकाठी?"

"हो."

"वर माती टाकलीत ना?"

"हो, हो."

आमचा पुढारी लुकास सुपारी थुंकून उठलाच. "झालं! नदीकाठी! जेवणाला डुकरं धरा रे!" बायका रीतीप्रमाणे रडायला बसल्या. सकाळी मी त्या म्हाताऱ्याला चहा हवा का विचारलं, तेव्हा तो हो म्हणाला होता. नको का विचारलं, तेव्हाही हो. पण ते मी पोटात ठेवलं.

आत्या जागची हलली नाही. "मास्तर, विचार त्याला, माझा बाप उंच होता ना?"

"आत्या, मिळालं की उत्तर. पुरे आता."

"शाळेत पोरांना असंच गप्प बसवतोस वाटतं? विचार."

विचारलं. "हो."

"आता विचार, बुटका होता ना?"

हिसाएनं मान खाली घातली, पण विचारलं.

"हो," इवाबुची म्हणाला, तितक्याच गोड हसून.

बायकांचं रडणं थांबलं. लुकास हळू आवाजात म्हणाला, "ओटिलिया, तो हो म्हणालाय. सगळ्यांनी ऐकलंय. तुझ्यामागे कोण घालणार त्याचं जेवण?"

"आणि नदीकाठी जेवायला येणार कोण? तू?"

मग ती हिसाएकडे वळली. "घरी ने याला, पोरी. ऊन लागतंय."

पुढच्या वर्षी कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. गेल्या पावसाळ्यात आत्या गेली, स्वतःच्या चटईवर. तिचं जेवण आम्ही नवव्या दिवशी घातलं. तिच्या बापाचं राहिलं.