जाळायला दिलेली कार्डं

आमच्या गलाईच्या दुकानात एक नियम आहे: झाडलेलं काहीही बाहेर टाकायचं नाही. सोनारांकडची झाडलोट आणायची, जाळायची, धुवायची, आणि तिच्यातला सोन्याचा कण काढायचा. मी आटपाडीकडचा, शाळा नववीत सोडलेला. शिकलो ते एवढंच, आणि त्यापायी कुंभकोणमातली माझी खोली जायची वेळ आली होती.

खोली मेलकावेरीत, इंग्रजीच्या एका निवृत्त प्राध्यापकांच्या माडीवर. त्यांच्या घरात मराठी आहे, इथल्या मराठे राजांच्या वेळची. आमच्या गावात कुणी तशी बोललं तर लोक कीर्तनाला बसतील. तेवढ्या भाषेच्या ओळखीवर सरांनी मला खोली दिली, म्हणून मी जिना चढतानाही चप्पल हातात घेतो.

सरांनी आयुष्यभर कार्डं केली होती. प्रत्येकावर एक इंग्रजी शब्द, आणि खाली, इंग्लंडातल्या एका जुन्या नाटककारानं तो कुठल्या नाटकात घडवला ते. आज कुणी इंग्रजीत भांडलं, तरी निम्मे शब्द त्या माणसाचे असतात, असं सर सांगायचे.

"त्याच्या आधी भांडत नव्हते का, सर?"

"भांडत होते. रुचि नव्हती."

या कार्डांचं पुस्तक व्हायचं होतं. मग चेन्नईहून सरांचा एक जुना विद्यार्थी आला. त्यानं कॉम्प्युटरवर त्या नाटकांहून जुनी पत्रं, कागद दाखवले. सरांचे पुष्कळ शब्द त्यांत आधीच होते. सरांनी त्याला कॉफी पाजली, फाटकापर्यंत पोचवलं. दुसऱ्या दिवशी कार्डांची दोन पोती माझ्यापुढे ठेवली.

"तुमच्या भट्टींत जाळ. एक राहूं देऊं नकोस."

मी पोती दुकानात नेली. भट्टी पेटलेली होती. पण न बघता कसं जाळणार? झाडलोटीच्या डब्यांशेजारी ठेवून दिली. सरांनी विचारलं, तर "जाळली" म्हणालो.

त्यानंतर सर ओसरीवर येईनात. त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, जेवण अर्धं टाकतात, पुस्तकाचं नाव काढू देत नाहीत. आठ दिवसांनी मी त्यांच्या खुर्चीपुढे जाऊन उभा राहिलो.

"सर, कार्डं जाळली नाहीत."

"मी सांगितलों होतों कीं."

"आमच्यात बघितल्याशिवाय जाळत नाहीत. खोली सोडू का?"

"बघून काय मिळणार रे? त्या नाटककारानं कांहीं घडवलंच नाहीं. लोक बोलत होते, तेंच तो उचलून लिहिला."

"आम्हीपण सोनं बनवत नाही, सर." दुकानाचा नियम खुळा ठरू नये, एवढ्यासाठीच मी बोललो. "पण आमच्या हाताखालून गेलं नाही, तर ते केरात जातं."

सर खुर्चीत सरळ बसले. मग म्हणाले, "पोतीं आण. अगोदर हात धू."

आता रोज संध्याकाळी आम्ही कार्डं बघतो. सरांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मी एकेक अक्षर लावून वाचतो. जो शब्द आधी सापडला आहे, त्याच्या कार्डावरचं 'घडवला' खोडून 'वापरून टिकवला' असं मी इंग्रजीत लिहायचं. ज्यांचा जुना पत्ता लागला नाही, ती कार्डं देवघरातल्या नाचियारकोविल गावच्या पितळी समईजवळ वेगळी ठेवायची. तो गठ्ठा लहान आहे. सर रोज त्याच्याकडे एकदा बघून घेतात आणि पूर्ण जेवतात.

माझं अक्षर पाहवत नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. खोलीचं ते काही बोललेले नाहीत. मीही विषय काढत नाही.