अनवाणी ड्रायव्हरमामा

शिरूर आणि दौंड हे दोन तालुके पालथे घातले तरी आमच्या ड्रायव्हरमामांइतका नम्र माणूस सापडला नसता, आणि त्यांच्याइतका उर्मटही. समोर उभं राहून बोललं तर मामा इतक्या अदबीनं ऐकायचे की साध्या कारकुनालाही आपण मंत्री झाल्यासारखं वाटायचं. पाठीमागून बोललं तर खुद्द मंत्री असला तरी मामांची मान वळायची नाही. मी त्या कचेरीत कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झाले त्या दिवशी त्यांना मागून तीनदा विचारलं, "मामा, प्यायचं पाणी कुठं आहे?" तिन्ही वेळा ते जीपचं बॉनेट पुसत राहिले. सरकारी माणूस म्हणतात तो हाच, असं मी मनात म्हटलं आणि तहानलेलीच जागेवर जाऊन बसले. दुपारी तेच मामा समोरून आले, माझ्या टेबलावर पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाले, "ताई, नव्या दिसताय. काय लागलं तर सांगत जावा." मला काही बोध होईना.

कचेरी कोणती ते सांगत नाही. दोन्ही तालुक्यांतल्या गावांच्या नळपाणी योजना बघायचं आमचं काम. दिमतीला तीन जिपा होत्या. एकीचं इंजिन काढून नेलेलं होतं, दुसरीत कोंबडी अंडी घालायची, आणि तिसरी मामांची. ती सुरू झाली की कचेरीच्या कपाटातल्या फायली आपोआप पुढं सरकायच्या. कचेरीत फायली सरकण्याचा तेवढाच एक मार्ग होता असं लोक म्हणत. या जीपमध्ये बसताना मामा चपला काढून दाराशी ठेवायचे, देवळाबाहेर ठेवतात तशा, आणि अनवाणी गाडी चालवायचे. उन्हाळ्यात खालचा पत्रा तापला तरी अनवाणी. कुणी म्हणे भक्ती, कुणी म्हणे नवस. विचारलं तर मामा एवढंच सांगायचे, "पायाला कळतं." त्यात पुन्हा आरशांची हौस. कंपनीचे तीन आरसे असताना मामांनी पदरमोड करून आणखी चार बसवले होते. जीपमध्ये बसलं की आपल्या डोक्याची मागची बाजूसुद्धा दिसायची. आमच्या कचेरीतल्या सगळ्या बायका दौऱ्याला निघताना तिथंच वेणीफणी करायच्या, आणि दौंडच्या एका सलूनवाल्यानं "मामा, आरसं काय भावानं घेतलं?" असं खरोखरच विचारलं होतं.

गावोगाव मामांना मान होता. येईल त्याला ते "जयभीम" घालायचे, समोरचे पाटील "रामराम" म्हणायचे, आणि दोघेही खुशीत असायचे. पण त्यांची खरी ख्याती वेगळीच होती. साहेब काहीही बोलले की मामा हातातलं काम थांबवून, डोळे साहेबांच्या तोंडावर लावून म्हणायचे, "पुन्हा एकदा म्हना सायेब, लई झ्याक बोलला." माझ्या देखत पाच साहेब आले नि गेले, या वाक्यानं विरघळला नाही असा एकही निघाला नाही. "उद्या आठ वाजता निघू" एवढंच वाक्य असलं तरी साहेब ते दुसऱ्यांदा म्हणताना आवाज लावायचे. एकदा मात्र फजिती झाली. पुण्याहून आलेले वरिष्ठ मागच्या सीटवर बसले आणि शिक्रापूर आलं तसे "डावीकडं घ्या, पाबळला जायचंय" असं सांगू लागले. एकदा, दोनदा, चारदा सांगितलं. मामांनी जीप सरळ शिरूरला नेऊन उभी केली, खाली उतरून अदबीनं दार उघडलं आणि म्हणाले, "आलं बघा सायेब, शिरूर." वरिष्ठांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. शिरूरला थांबलेले आमचे साहेब मध्ये पडले नि म्हणाले, "जुना माणूस आहे, मागच्या सीटवरच्याचं ऐकत नाही." त्या दिवसापासून साहेब कोणीही असो, तो पुढंच बसू लागला.

हे सगळं मी विक्षिप्तपणाच्या खात्यावर टाकलं होतं. मग एका हंगामात आम्ही पाटसला गेलो. गळीत जोरात चालू होतं, रस्त्यानं उसाच्या गाड्यांची रांग. साहेब बैठकीत होते आणि मी नि मामा कारखान्यासमोरच्या टपरीवर चहा घेत होतो. तेवढ्यात पाळी बदलल्याचा भोंगा झाला. तो असा झाला की टपरीवरच्या बरण्या थरथरल्या, मी दोन्ही कानांवर हात ठेवले, एका बैलानं गळ्यातली सापती झटकली. मामा शांतपणे बटर चहात बुडवत होते. मग त्यांनी पंजा बाकड्यावर टेकवला, क्षणभर थांबले आणि म्हणाले, "भोंगा झाला वाटतं." अनवाणी पाय, सात आरसे, पाठमोरा उर्मटपणा आणि लई झ्याक बोलणं, सगळ्याचा एकदम उलगडा झाला. मामांना ऐकू येत नव्हतं.

त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. लोकांचे चेहरे वाचण्यात त्यांचं आयुष्य चाललं होतं. "चार वरसं झाली, ताई," ते हळूच म्हणाले. "आधी उजवा गेला. मग डावा म्हनला, मी तरी एकटा कशाला ऱ्हाऊ." मी हसले नाही तसे तेही गंभीर झाले. "कळलं तर घरी बसवत्याल. धाकटीचं डीएड हाय, आन् माझी तीन वरसं ऱ्हायलीत. तुमी बोलू नका." मी बोलले नाही. त्याचा मला आज अभिमान वाटत नाही, कारण रस्त्यावर पोरंबाळं असतात. पण तोंड उघडायची हिंमतही झाली नाही. मी एवढंच केलं की प्रत्येक दौऱ्याला त्यांच्या मागच्या जागेवर बसू लागले आणि त्यांचे कान झाले. मागून हॉर्न आला की मी पायानं त्यांच्या सीटला एक धक्का द्यायची, साहेब बोलू लागले की दोन. दिवसभर अशा लाथा मारून घरी गेले की पाय दुखायचे, आणि झोप लागली तरी स्वप्नात हॉर्न वाजायचे.

अशात नवे साहेब आले. वयानं लहान, धुराचा भयंकर तिटकारा. आमची जीप निघाली की मागचं गाव दिसेनासं व्हायचं, ते त्यांना सोसेना. त्यांनी कुठं कुठं पत्रं लिहिली आणि एका कंपनीची गाडी तीन महिन्यांच्या चाचणीसाठी मिळवली. अर्धी पेट्रोलवर, अर्धी बॅटरीवर. हळू जाताना बॅटरी, वेगात इंजिन, नि बदल आपोआप. चाचणी जमली तर जिल्ह्यातल्या सगळ्या कचेऱ्यांच्या जिपा मोडीत निघून या गाड्या येणार होत्या. "हिला हायब्रीड म्हणतात," साहेब म्हणाले. मामा त्यांच्या तोंडाकडं बघत म्हणाले, "ज्वारीवानी? म्हंजी दानं लई आन् भाकर फिकी." सगळी कचेरी हसली. मग साहेबांनी पुढचं सांगितलं. सोमवारी कंपनीचा इंजिनिअर येणार, सोबत बसून ड्रायव्हरची परीक्षा घेणार, आणि नापास झाला तर दुसरा ड्रायव्हर नेमणार. माझं हसू तिथंच थांबलं.

मामांनी चपला काढल्या, नव्या गाडीत बसले आणि किल्ली फिरवली. काहीच झालं नाही. म्हणजे गाडी सुरू झाली होती, पण थरथर नाही, हादरा नाही, पायाला काही कळेना. त्यांनी पुन्हा किल्ली फिरवली, शेवटी वैतागून पाय दाबला, आणि गाडी निमूट पुढं जाऊन सायकलींच्या रांगेत शिरली. पहिली सायकल पडली तशा सतराच्या सतरा आडव्या झाल्या. मामा उतरले ते पांढरेफटक होऊन. साहेबांना वाटलं, नव्या गाडीला बुजले. मामा मला म्हणाले ते वेगळंच होतं. "ताई, हिला जीवच न्हाई वो. मेलेल्या गाडीचं काय ऐकू?"

सोमवारला चार दिवस होते. साहेबांच्या परवानगीनं आम्ही रोज सकाळी ती गाडी रिकाम्या बाजारतळावर न्यायचो. तिथं मामा ती पाच पावलं पुढं, पाच पावलं मागं नेत बसायचे, डोळे मिटून, तळपाय खाली पत्र्याला घट्ट लावून. खालचं रबरी पायपुसणं त्यांनी पहिल्याच दिवशी गुंडाळून मागं टाकलं होतं. पहिले दोन दिवस कपाळावर आठ्या. तिसऱ्या दिवशी बाजारतळाच्या टोकाला गाडीनं वेग घेतला आणि मामा एकदम म्हणाले, "आलं." कुठं काय आलं मला कळलं नाही. "इंजिन आलं. लाजाळू हाय, पर जीव हाय हिला." नवी सून पहिल्यांदा बोलली की सासऱ्याचा चेहरा होतो तसा त्यांचा झाला होता.

सोमवारी इंजिनिअर आला. निघण्याआधी सगळ्यांना समोर उभं करून त्यानं ऐटीत सांगितलं, "आमच्या गाडीत बॅटरी कधी संपते नि इंजिन कधी सुरू होतं हे माणसाला ओळखताच येत नाही. ओळखून दाखवा." तो मागं माझ्या शेजारी बसला, मांडीवर तारा जोडलेलं एक यंत्र. साहेब पुढं. आम्ही खुटबावच्या रस्त्याला लागलो. साहेब म्हणाले, "आत्ता सुरू झालं." इंजिनिअरनं मान हलवली, इंजिन बंद होतं. मी म्हटलं, "आत्ता." तेही चुकलं. मग मामा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "आलं." यंत्राचा काटा तेव्हाच हलला होता. चढ संपला तसे म्हणाले, "गेलं." पुढं म्हशी आडव्या आल्या, थांबलो, निघालो. "आलं." इंजिनिअर डोळे फाडून कधी काट्याकडं नि कधी मामांच्या मानेकडं बघत होता. एकदाही चूक झाली नाही. जिंकलो, असं मला वाटलं.

तेवढ्यात इंजिनिअरनं मागून विचारलं, "मामा, हे ओळखता कशावरून?" मामा गाडी चालवत राहिले. त्यानं पुन्हा विचारलं, मोठ्यानं. घाईघाईत मी सीटला दोन धक्के दिले. दोन धक्के म्हणजे साहेब बोलतायत. मामांनी झटकन साहेबांकडं तोंड केलं, हसले आणि म्हणाले, "पुन्हा एकदा म्हना सायेब, लई झ्याक बोलला."

साहेब एक अक्षर बोलले नव्हते. त्यांनी मामांकडं बघितलं, मग मागं वळून इंजिनिअरकडं, मग अजून वरच राहिलेल्या माझ्या पायाकडं, आणि शेवटी मामांच्या उघड्या तळपायांकडं. हातानं खूण करून त्यांनी गाडी एका लिंबाखाली थांबवली. इंजिनिअरला चहा घ्यायला पाठवलं. मी मनात मामांची निवृत्ती, धाकटीचं डीएड आणि माझी खातेचौकशी असं सगळं एका दमात उरकून टाकलं. साहेब मामांच्या समोर वळून बसले आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "उद्या पुण्याला चला. कान दाखवू. गाडी मी चालवीन. नोकरी जाणार नाही." मामा त्यांच्या ओठांकडं बघत राहिले. या वेळी त्यांना झ्याकबीक काही म्हणता आलं नाही. "पुन्हा म्हना, सायेब," एवढंच ते म्हणाले, आणि साहेबांनी ते सगळं पुन्हा म्हटलं.

परतीला साहेबांनीच गाडी चालवली. मामा पुढं त्यांच्या शेजारी बसले, हात मांडीवर, आणि थोड्या वेळानं माझ्याकडं वळून म्हणाले, "ताई, बरं झालं. चार वरसं एकच भ्या. एखादं पोर आडवं आलं आन् त्याच्या आईची हाक मला न्हाई आली, तर?" मला वाटत होतं भीती एकट्या मला होती. त्या रात्री मी इतकी गाढ झोपले की सकाळी कचेरीला उशीर झाला.

साहेबांनी शब्द पाळला. मामांना रस्त्यावरून काढून गाड्यांच्या देखभालीवर घेतलं, पगार तोच. कानाला यंत्र मिळालं, पण त्यांना ते फारसं आवडलं नाही. "तुमी सगळी किती बडबड करता वो," ते म्हणायचे आणि काढून खिशात ठेवायचे. मग बॉनेटवर पंजा ठेवून गाडीचं दुखणं सांगायचे, ते कधी चुकलं नाही. धाकटी शिक्षिका झाली. चाचणी उत्तम झाली असा अहवाल गेला, गाडी परत गेली, आणि वरून उत्तर काही आलं नाही. कोंबडी मात्र अंडी घालत राहिली. मामा निवृत्त झाले त्या दिवशी आम्ही त्यांना चपला भेट दिल्या.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मागच्या महिन्यात भाचा त्याच्या नव्या गाडीतून मला घेऊन निघाला, तीही अर्धी पेट्रोलवर, अर्धी बॅटरीवर. मी गुपचूप चपला काढल्या, पायाखालचं पायपुसणं बाजूला सारलं आणि तळवे खाली टेकवले. पाटस गेलं, खुटबावचा फाटा आला, तो लिंब अजून तिथंच होता. "मावशी, पाय दुखतात का?" भाच्यानं विचारलं. मी नाही म्हटलं आणि तळवे आणखी घट्ट टेकवले. इंजिन आलं असेल, गेलंही असेल. माझे कान अजून ठणठणीत आहेत, त्यामुळं पायांना घरापर्यंत काही कळलं नाही.