दोनदा टकटक

कुलूप तोडण्याआधी अग्निशमन अधिकारी तात्या दारावर दोनदा टकटक करत. कुलूप बाहेरून असलं, आत धूर कोंडलेला असला, तरीही. "आत हाय का कुणी? तोडतोय," म्हणत आणि मग कुऱ्हाड उचलत. बंबावरची माणसं हसायची. इंदापुरात तुम्हीही त्यांना पाहिलं असेल.

मी तालुक्याचा बातमीदार. आग पसरत असेल तर अग्निशमन अधिकारी मालकाला न विचारता दार तोडू शकतो, भिंत पाडू शकतो, कुणाच्याही विहिरीचं पाणी घेऊ शकतो, हे मला त्यांनीच समजावलं. वर म्हणाले, "इचारायची गरज न्हाय. म्हणून तर सांगायचं."

बायको गेल्यावर लोणी भापकर या गावचं घर बंद करून ते इथे एकटे राहत. चार वाजताचा चहा बाजारगल्लीतल्या टेलर मास्तरांच्या पत्र्याच्या दुकानात. रमजानात मास्तरांचा रोजा असे; त्या महिन्यात तात्याही चहा घेत नसत, नुसते बसून येत.

एका दुपारी शेजारचा गादी कारखाना पेटला. वारा गल्लीतल्या घरांकडे होता. मधलं मास्तरांचं दुकान पाडलं तरच आग अडणार होती. मास्तर धावत आले.

"तात्या, दहा मिनिटं द्या. मशिनी काढतो."

"दहा न्हाईत, मास्तर."

तात्यांनी जेसीबीला हात केला. त्या दिवशी टकटक झाली नाही.

थोड्या वेळाने वारा फिरला. आग दुकानाच्या जागेपर्यंत आलीच नाही.

चौकशीत त्यांचा निर्णय योग्य ठरला. मी प्रतिक्रिया विचारली. "कायद्यात बसतंय. तेवढंच लिवा." मी तेवढंच लिहिलं.

मास्तरांनी त्याच जागी पुन्हा पत्रे उभे केले, एक जुनं मशीन आणलं. चारला ते दार लोटून घेऊ लागले. कडी लावलेली नसे. तात्या रोज यायचे, पत्र्यावर दोनदा टकटक करायचे. आतलं मशीन थांबायचं. दार उघडायचं नाही. थोडं थांबून निघून जायचे. निवृत्तीनंतरही हा क्रम चुकला नाही. गावातलं कुठलंही दार ज्यांना तोडता आलं असतं, त्यांनी ते लोटलेलं दार कधी ढकललं नाही.

गेल्या महिन्यात बारामतीच्या दवाखान्यात तात्या वारले. बातमीसाठी दोन शब्द घ्यावेत म्हणून मी मास्तरांकडे गेलो. ते शिवत होते.

"आतच असायचो मी," ते म्हणाले. "उठायचं तेवढं न्हाय झालं."

शिवत राहिले. चार वाजले तसं त्यांनी मशीन थांबवलं. दार सताड उघडं होतं.