मागच्या रांगेतली हिरवी

ती माझी होती. जपानमधल्या नाचणाऱ्या-गाणाऱ्या मुलींच्या एका गटात ती सगळ्यात मागच्या रांगेत उभी असायची आणि मी इकडे धायरीत, गच्चीवर मोबाइलला रेंज शोधत तिच्यावर जीव ओवाळून टाकायचे. त्या गटात प्रत्येकीचा एक रंग ठरलेला. चाहते कार्यक्रमात त्याच रंगाचे दिवे हलवतात. हिचा हिरवा. हळूहळू ती एकेक रांग पुढे आली आणि ज्या दिवशी मधोमध उभी राहिली, त्या दिवशी मी घरी पेढे आणले. आई म्हणाली, "कोण पास झालं?"

तिच्यापायीच मी नारायण पेठेत जपानीचा क्लास लावला. आणि मग बाईसाहेबांनी गटच सोडला. म्हणे, आता अभिनय करणार. तिकडे लोकांनी नाकं मुरडली. आमच्या क्लासातही, नाचणारीला कसला आलाय अभिनय, हे सुरू झालं. माझं डोकंच फिरलं. दोघींशी तर मी बोलणंच टाकलं.

अशात तिचा पहिला सिनेमा पुण्यात, आम्हा जपानी शिकणाऱ्यांसाठी दाखवणार असं कळलं. मी हवेतच. आई म्हणाली, "मीबी येते. खरी नटी निघाली तर शीक तुझं जपानी. नुसता नाच निघाला तर क्लास बंद, अन् आलेलं स्थळ बघायचं. हाय कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

गणपतीच्या सजावटीतला उरलेला हिरवा जिलेटिन कागद मी आणि क्लासातल्या एका मैत्रिणीने टॉर्चना गुंडाळला. ती पडद्यावर आली रे आली की दिवे हलवायचे आणि तिच्या नावाने आरोळी ठोकायची, तिकडे ठोकतात तश्शी. ती आली. आम्ही उठलो, दिवे हलवले, बेंबीच्या देठापासून ओरडलो. मग पडद्याकडे नीट पाहिलं. ती वडिलांच्या मृतदेहाशेजारी बसली होती.

मागून एक काका शांतपणे म्हणाले, "अहो, मयत झालंय तिथे. जरा दम धरा."

अख्खं सभागृह हसलं. आईनेही पदर तोंडाला लावला. झालं, गेला क्लास, असं म्हणत मी मटकन खाली बसले.

पुढे मात्र कुणी हसलं नाही. ती वडिलांची खानावळ चालवायला लागते, बस, एवढीच गोष्ट. एकदा सवयीने दोन वाडगे मांडते, थांबते, आणि एक परत फळीवर ठेवते. रडत नाही, बोलत नाही. इतकी वर्षं मागच्या रांगेत गप्प उभी राहून शिकली असणार. आईने माझं मनगट घट्ट धरलं होतं. पडद्यावर खाली येणारी इंग्रजी भाषांतराची अक्षरं तिला वाचता येत नव्हती आणि त्यांची गरजही पडली नव्हती.

शेवटी नावं सरकायला लागली, सगळी जपानीत. लोक उठले. आई उठेना.

"तिचं कुठलं?"

"ते, वरून दुसरं."

"मला नुसत्या मुंग्या दिसतात. वाच."

मी वाचलं. मग पहिलं कुणाचं, खालचं कुणाचं, दिवाबत्तीवाला कोण, असं करत तिने मला शेवटच्या नावापर्यंत वाचायला लावलं. मध्येच माझ्या मांडीवरचा टॉर्च उचलून पेटवला आणि पडद्याकडे धरला.

"आता चालेल," मागचे काका म्हणाले.

बसमध्ये आईने दोघींची तिकिटं काढली. मग म्हणाली, "त्या स्थळाला नाय म्हणून तूच सांग. जपानीत सांग पायजे तर."